सॅन्टनचा लग्नातला कोट

पंचाहत्तरीला टेकलेल्या माणसाने मिशीला कलप लावावा, हरकत नाही. ज्याची मिशी त्याची हौस. पण कलप वाळेपर्यंत आरशासमोर शीळ घालत उभं राहायचं आणि मग काळी बोटं बायकोच्या टॉवेलला पुसायची, याला काय म्हणायचं? एलिसाने तो टॉवेल दोन बोटांच्या चिमटीत धरून मागच्या दारी नेला आणि पाणी तापवायच्या चुलीत घातला. चांगला टॉवेल होता, मुलाने मस्कतहून आणलेला.

"एलिस, टॉवेल कुठं गेला गो?" सॅन्टनने ओटीवरून विचारलं.

"जळला," ती म्हणाली.

सॅन्टन हसला. बायको चेष्टा करते असं त्याला वाटलं. सॅन्टनला जन्मभर असंच वाटत आलं आहे.

गिरीज गावच्या वाड्यांत एलिसाला 'शिसारीबाय' म्हणतात, अर्थात तिच्या पाठीमागे. तिला किळस फार. दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणी ती पीत नाही, लग्नाच्या पंगतीत बसली की आधी ताट स्वतःच्या रुमालाने पुसते. तिचा धंदा सुकेळ्यांचा. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, बांबूच्या उंच मांडवावर उन्हात वाळत घालायची, संध्याकाळी गोळा करून केळीच्या सुक्या पानांत गुंडाळायची आणि सकाळी पुन्हा उन्हात काढायची. असं करता करता ती आक्रसतात, तांबूस होतात आणि महिनोन्‌महिने टिकतात. गावात हे काम करणारी घरं आता अगदी थोडी उरली. एलिसा मांडवावर मच्छरदाणी टाकते आणि तरीही एखादी माशी आत शिरलीच, तर ती ज्यावर बसली ते केळं डुकरांना जातं. तिच्या सुकेळ्यांना दोन पैसे जास्त मिळतात, ते ह्या किळसेचे.

पण ह्याच बाईने अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याचं शेवटपर्यंत सगळं केलं. पाठीला जखमा झालेल्या, रोज धुवाव्या लागत. एलिसा जखम धुवायची, मग परसात माडाच्या बुंध्याशी जाऊन ओकायची, चूळ भरायची आणि परत येऊन दुसरी जखम धुवायची. सासऱ्याला वाईट वाटायचं. तो म्हणायचा, "बाय, किळस येते तर राहू दे." ती म्हणायची, "येते तर येऊ दे. आली तशी जाईल. तुमी कूस वळा." सासरा तिच्या हातांवर गेला. त्याचा सख्खा मुलगा, म्हणजे सॅन्टन, घरात होता तोवर तोंडाला रुमाल लावून बापाच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत यायचा आणि तिथूनच "कसं काय, बाबा?" विचारायचा.

लग्न झालं तेव्हा एलिसा वीस वर्षांची होती. ईस्टरआधीचा उपवासकाळ लागायच्या आत, फेब्रुवारीत, गावच्या देवळात. चर्चला इथले जुने लोक देऊळच म्हणतात. सुखात आणि दुःखात, आजारात आणि आरोग्यात, मरेपर्यंत. दोघांनी वेदीसमोर शब्द दिला. सॅन्टनच्या अंगात पापडी गावच्या शिंप्याने शिवलेला राखाडी कोट होता. माणूस दिसायला ऐटबाज, बोलायला गोड. वाडीतली फुलं आणि भाजी घेऊन टेम्पोने दादरला जायचा. फेबियन, त्यांचा एकुलता एक मुलगा, दहावीला असताना टेम्पो दादरहून परत येताना विरारला थांबायला लागला. मग मुक्कामाला राहू लागला. मग एका रविवारी देवळात मिस्साची प्रार्थना झाल्यावर सॅन्टन घरी आला, जेवला, आणि कपाटातून लग्नातला कोट काढून निघून गेला. बायको ठेवली, मुलगा ठेवला, आजारी बाप ठेवला, कोट नेला.

विरार पूर्वेला मनवेलपाड्यात एका चाळीत अँजेलिना नावाची बाई राहायची, ब्लाउज शिवायची. सॅन्टन तिच्याकडे सत्तावीस वर्षं राहिला. हे गिरीजमध्ये शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक होतं. भावांनी एलिसाला सांगितलं, मोकळी हो. तिने ऐकलं नाही. रोज संध्याकाळी रोझरीच्या प्रार्थनेत तिने सॅन्टनचं नाव घेतलं. प्रेमाने घेतलं असं समजून डोळे ओले करू नका. दात-ओठ खाऊन घेतलं. शेजारच्या रोझमेरीने एकदा विचारलं, "एलिसाबाय, अजून त्याच्यावर जीव हाय काय?" तेव्हा एलिसा म्हणाली, "जीव कसला? शब्द दिलाय. मांडवावर केळी घातली आनि अर्ध्यात उठून गेलं तर कुजतात. कुजलेलं मना बघवत नाय."

तिच्यापाशी दुसरं होतं काय? वाडी सासऱ्याची, मुलगा मस्कतला, तारुण्य उन्हात वाळून गेलेलं. तो एक शब्द तेवढा तिचा स्वतःचा होता आणि तो तिने माशी बसू न देता सांभाळला होता.

पाच वर्षांपूर्वी, लॉकडाऊन जरा सैल झाल्यावर, सॅन्टन रिक्षातून उतरला. हातात रेक्झिनची बॅग, डोळ्यांत पाणी. "देवानं माझे डोळे उघडले, एलिस," असं अख्ख्या आळीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला आणि ओटीवर गुडघे टेकले. आळी रडली. त्या रविवारी देवळात बायबलातल्या, घर सोडून परत आलेल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीवर प्रवचन झालं आणि सगळ्यांनी वळून सॅन्टनकडे कौतुकाने पाहिलं. एलिसाने मान खाली घातली. त्या गोष्टीत बाप आहे, थोरला भाऊ आहे, डुकरं आहेत, कापलेलं वासरूसुद्धा आहे. बायको नाही.

तिने त्याला घरात घेतलं, कारण तिचा शब्द उंबऱ्याशी संपत नव्हता. त्याची खाट ओटीवर टाकली. दोन वेळा ताट वाढलं, गोळ्या दिल्या, कपडे धुतले, तेही काठीने ढवळून. तो जेवताना मचमच आवाज करायचा, हाडं चोखून ताटाबाहेर काढून ठेवायचा. एलिसा आपलं ताट घेऊन मागच्या दारी जायची. करून करून भागले आणि देवपूजेला लागले, तसं त्याचं झालं होतं. आता तो देवळात बायबलचं पहिलं वाचन करतो, सणाच्या मिरवणुकीत छत्र धरतो, तरुणांना लग्नसंस्काराचं महत्त्व सांगतो. एकदा एलिसाने त्याला पोर्चमध्ये एका नव्या जोडप्यापुढे म्हणताना ऐकलं, "संसारात सहनशीलता पाहिजे, बाबांनो." ती तशीच माघारी फिरली. तिला खरोखर उलटी झाली.

आणि आता हा सुवर्णमहोत्सव.

चर्चने जाहीर केलं की ज्यांच्या लग्नाला ह्या वर्षी पन्नास वर्षं होतात त्यांचा मिस्सात सत्कार होईल, आणि जोडपी आपली लग्नाची वचनं पुन्हा नव्याने देतील. पन्नासातली निम्म्याहून जास्त वर्षं नवरा विरारला होता, हे वजा करायची सोय कुठल्याच हिशेबात नसते. लग्न झालं ते झालं. पुढचं कोण मोजतं? फेबियन आणि त्याची बायको ॲनिशा मस्कतहून रजा टाकून आली आणि त्यांनी घराचा ताबा घेतला. हॉल ठरला, बॅण्ड ठरला, दोन मजली केक ठरला. नाक्यावर फ्लेक्स लागला. त्यात सॅन्टन आणि एलिसा गुलाबी ढगांवर बसलेली, खाली 'पन्नास वर्षांची अखंड साथ'. एलिसा पाव आणायला गेली असताना तो तिला दिसला. त्या दिवशी घरात पाव आला नाही.

"मम्मी, तुझा प्रॉब्लेम काय आहे?" फेबियन म्हणाला. "झालं गेलं विसर ना. सगळ्यांना इन्व्हिटेशन गेलंय."

"मना कोनी विचारलं?"

"सरप्राइज होतं."

"शिळ्या कढीला ऊत आनतो तू. आनि कढी पन माझ्या घरची नाय, विरारची."

बाप घर सोडून गेला तेव्हा फेबियन पंधरा-सोळा वर्षांचा होता, आणि वर्गात मुलांनी त्याला काय काय म्हटलं ते त्याने आईला कधी सांगितलं नव्हतं. त्याला फक्त एक फोटो हवा होता, आई-बाप शेजारी शेजारी असलेला, भिंतीवर लावायला. एलिसाला हे कळत होतं, म्हणून तर ती जास्त बोलली नाही. पण डेकोरेशनवाला येऊन "आंटी, हे केळ्याचं हटवा, ड्रोनमध्ये बेकार दिसेल," असं मांडवाकडे बोट दाखवून म्हणाला, तेव्हा तिने त्याला झाडूने फाटकाबाहेर काढलं.

फादर कॉन्रॅड घरी आले. नवे, तिशीतले, मनाने चांगले. विधी समजावून सांगत होते. "मी दोघांनाही विचारेन, वचन पुन्हा नव्याने देता का? तुम्ही म्हणायचं, होय, देतो. बस्स. आणि माझं प्रवचन देवाच्या विश्वासूपणावर आहे. आपण अविश्वासू झालो तरी तो विश्वासू राहतो." सॅन्टनने डोळे मिटून मान डोलावली, जणू हे वाक्य त्याच्यासाठीच राखून ठेवलेलं होतं.

"नव्यानं का?" एलिसाने विचारलं.

"म्हणजे ताजं करायचं, एलिसाबाई. इतक्या वर्षांत माणूस थकतो, चुकतो."

"जो चुकला त्यानं करावं. मी नवं दिलं तर जुनं काय झालं? मोडलं?"

फादर हसले. "असं नका बघू त्याकडे."

"बरं. दुसरं विचारते. देव अविश्वासू मानसाकडे परत परत येतो, बरोबर? तेव्हा त्याला किळस येत नसेल?"

फादरनी चहाचा कप खाली ठेवला. "देव प्रेम आहे," ते म्हणाले, आणि घड्याळ पाहिलं. सॅन्टन म्हणाला, "फादर, ती अशीच बोलते, मनावर घेऊ नका." एलिसाने कप उचलला आणि नळाखाली धरला.

महोत्सवाला आठवडा असताना, दुपारी, ती मांडवावरची केळी उलटत होती, तेव्हा फाटकाशी रिक्षा थांबली. कुबड्यांवर एक बाई उतरली. एक पाय गुडघ्याखाली नव्हताच, दुसऱ्याला बॅण्डेज. काखेत कापडाची पिशवी. एलिसाने तिला पूर्वी कधी पाहिलं नव्हतं, पण ओळखायला वेळ लागला नाही. ओटीवर पेपर वाचत बसलेला सॅन्टन उठला, आत गेला आणि बाथरूमची कडी वाजली. मग नळ सोडल्याचा आवाज आला.

"मी भांडायला नाही आले," बाई म्हणाली. "अँजेलिना. नाक्यावर बोर्ड लागलाय, आमच्या चाळीतल्या एकीने फोटो दाखवला. म्हटलं, त्याला कोट लागेल."

तिने पिशवीतून कोट काढला. तोच, राखाडी. डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. एलिसाने तो हातात घेतला नाही, नुसता पाहिला. बाजूंना, पाठीला, जुळत्या कापडाच्या पट्ट्या घालून तो वाढवलेला होता.

"पोट सुटत गेलं तसा मी मोठा करत गेले," अँजेलिना म्हणाली. "नाताळला घालायचा ना तो."

एलिसाच्या लग्नातला कोट हिने वाढवायचा, आणि तो घालून ह्याने नाताळच्या मिस्साला जायचं. तिने स्वतःला आवरलं. उन्हात एका पायाची बाई उभी होती. "बस," ती म्हणाली आणि ओटीवर चटई टाकली. बाई बसली तसा बॅण्डेजचा वास आला, गोडसर, कुजका. एलिसाने तोंडाने श्वास घ्यायला सुरुवात केली.

"पाय कसा गेला?"

"साखर. लॉकडाऊनमध्ये जखम चिघळली, कापला. आता हा दुसराही भरत नाही."

"लॉकडाऊनमध्ये," एलिसा म्हणाली. बाथरूमचा नळ वाहतच होता. "तेव्हाच हा इकडं आला."

अँजेलिनाने नवलाने तिच्याकडे पाहिलं. "तुम्हाला नाही सांगितलं? दवाखान्यातून घरी आणलं मला, दुसऱ्या दिवशी गेला. म्हणाला, मला हा वास सहन होत नाही. मी म्हटलं, खिडकीत बस. नाही थांबला. घरातल्या क्रुसावर हात ठेवून बोलला होता, मरेपर्यंत सोडणार नाही म्हणून." ती थोडी थांबली. "मी पण काय बोलणार? मी तरी तुमचं कुठे बघितलं होतं?"

तर हे ते देवाने उघडलेले डोळे. देवाने डोळे उघडले नव्हते. नाकाने हाकललं होतं. आणि त्यावर प्रवचन झालं होतं, आळी रडली होती, ह्याने छत्र धरलं होतं. एलिसाला आजवर वाटायचं की आपल्याला सॅन्टनची जेवढी किळस येते तेवढ्यात तळ लागला. तळाखाली आणखी तळ होता. एका बाईला दिलेला शब्द मोडून हा दुसरीकडे गेला, आणि दुसरीला दिलेला मोडून परत पहिलीकडे. मध्ये कुठेही पश्चात्तापाचा थेंब नाही, आणि वर मिशीला कलप.

तिने अँजेलिनाला चहा दिला आणि सवयीने ताटलीत सुकेळी ठेवली.

"मला साखर आहे," अँजेलिना ओशाळून म्हणाली.

"हो की," एलिसा म्हणाली आणि ताटली उचलली. मग वाडीत जाऊन शेवग्याच्या शेंगा आणि एक केळफूल आणून तिच्या पिशवीत घातलं. रिक्षा गेल्यावर बाथरूमचा नळ बंद झाला.

"कोन आलं होतं?" सॅन्टन केस पुसत बाहेर आला.

"कोट आला," एलिसा म्हणाली.

त्याने कोट उचलला, झटकला, आरशासमोर जाऊन घातला. "बसतो की अजून," तो खूश होऊन म्हणाला.

महोत्सवाच्या दिवशी देऊळ भरलं होतं. बॅण्ड वाजला, फुलं पडली. सॅन्टन राखाडी कोटात, काळ्या मिशीत, पोट आत ओढून वेदीसमोर उभा राहिला. शेजारी एलिसा लाल लुगड्यात. फादरनी देवाच्या विश्वासूपणावर प्रवचन दिलं, चांगलं दिलं. मग ते पुढे आले. पहिल्यांदा सॅन्टनला विचारलं.

"होय, देतो," सॅन्टन म्हणाला. मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

"एलिसा, पन्नास वर्षांपूर्वी दिलेलं वचन तुम्ही आज पुन्हा नव्याने देता?"

एलिसाने फेबियनकडे पाहिलं. तो पहिल्या बाकावर, मोबाइल उंच धरून. तिला त्याच्यासाठी 'होय' म्हणायचं होतं. दोन अक्षरं. पण ती म्हटली असती तर त्या वर्षांत धुतलेल्या सासऱ्याच्या जखमा, मांडव, रोझरी, सगळं सॅन्टनच्या ओळीत जाऊन बसलं असतं. दोघांनीही मोडलं आणि दोघांनीही नवं केलं, असं झालं असतं.

"नाय, फादर," ती म्हणाली. "माझं मोडलंच नाय. ह्याच फरशीवर दिलेला शब्द अजून चालू हाय. मोडलं नाय ते नवं कसं करू?"

सॅन्टनचा चेहरा पडला, एवढं तिने पाहिलं. त्याला कळलं होतं. तेवढ्यात मागून कोणीतरी टाळी वाजवली. मग दुसऱ्याने. मग अख्ख्या देवळाने. रोझमेरी हुंदके देत होती. फादरनी चष्मा काढून डोळे पुसले आणि माइकवर म्हणाले, "ह्याला म्हणतात विश्वासूपणा. पन्नास वर्षांत एकदाही न मोडलेलं प्रेम." सॅन्टनने टाळ्या ऐकल्या, त्याचा चेहरा पुन्हा वर आला, आणि त्याने लोकांना हात जोडले.

एलिसाला वाटलं, इथेच ओकावं. ह्या लोकांना सगळं माहीत होतं. सत्तावीस वर्षं ह्यांनीच तिच्या दारावरून जाताना आत डोकावायला चालणं हळू केलं होतं. आणि आज तिने स्वच्छ सांगितलेलं ह्यांनी पाकात घोळून गिळलं होतं. खऱ्याला गोड करून खायची ही कसली भूक?

हॉलमध्ये केकसमोर फोटोग्राफर म्हणाला, "आजी, थोडं जवळ, थोडं स्माइल." एलिसा जवळ सरकली आणि ओठ न हलवता म्हणाली, "उद्या सकाळी मनवेलपाड्याला जायचं. तिच्या पायाचं बॅण्डेज बदलायला."

"काय बोलते तू?" सॅन्टन कॅमेऱ्याकडे बघत हसत होता. "तुला काय गरज?"

"मना नाय, तुला हाय. क्रुसावर हात ठेवून बोल्ला होता. तिच्याकडे राहायला नाय सांगत मी. जखम धुवायची, यायचं. नाय तर माइक इथंच हाय, मी परत बोलते. या वेळी टाळ्या नाय वाजनार."

फ्लॅश पडला. तो फोटो फेबियनने मस्कतच्या घरी लावला आहे आणि पाहुण्यांना तो आवडतो.

दुसऱ्या दिवशी सॅन्टन मुकाट्याने तयार झाला, इतकंच नव्हे तर कोट पिशवीत घालून बरोबर घेतला. "काल बगलेत उसवला," तो म्हणाला. "जातोच आहोत तर ती शिवून देईल." एलिसाने त्याच्याकडे पाहिलं. काही माणसांना जनाची नसते, मनाचीही नसते. बसमध्ये ती त्याच्यापासून दोन सीट लांब बसली.

चाळीतली खोली एकच, शिलाई मशीन खिडकीशी, भिंतीवर तो क्रूस. वास दारापासूनच सुरू झाला. अँजेलिना दोघांना बघून गोंधळली, खुर्चीवरचे कपडे उचलू लागली. "कशाला आलात? राहू दे. त्याला वास सहन होत नाही."

"मना पन नाय होत," एलिसा म्हणाली. तिने दारात स्टूल ओढलं आणि वाट अडवून बसली. सॅन्टनने कोट खुंटीला टांगला, नाकाला रुमाल बांधला, पाण्याचं घमेलं घेतलं आणि खाली बसून बॅण्डेज सोडू लागला. एक वेढा, दुसरा वेढा. क्षणभर एलिसाला वाटलं, काय सांगावं, करेलही. माणूस म्हातारपणी एक काम नीट करू शकतो. तिसऱ्या वेढ्याला कापसाला चिकटलेलं पिवळं दिसलं आणि एलिसाच्या पोटातलं सगळं एकदम वर आलं. ती तोंडावर हात धरून बाहेर धावली. गॅलरीच्या टोकाला मोरी होती. तिथे ओकली, चूळ भरली, तोंड पुसलं.

परत आली तेव्हा स्टूल बाजूला सारलेलं होतं आणि घमेल्यापुढची जागा रिकामी होती. अर्धवट सोडलेलं बॅण्डेज फरशीवर लोळत होतं. चाळीचा जिना उतरणाऱ्या चपलांचा आवाज अजून येत होता.

खुंटीवरचा कोट तेवढा त्याने नेला होता.

अँजेलिना पाय तसाच धरून बसली होती. मग म्हणाली, "आता कुठे जाईल?"

"घरी. जाईल कुठं? दुपारी जेवायला बसलेला असेल."

"दार उघडाल?"

"उघडीन." एलिसा खाली बसली, पदर खोचला, घमेलं जवळ ओढलं. "देव आपल्याला दार उघडतो म्हनतात ना, ते मना आज कळलं. हसत नसेल उघडत तो. तोंड फिरवून उघडत असेल."

तिने कापूस ओला करून पिवळ्यावर धरला, सुटावं म्हणून. तिचे डोळे पाण्याने भरले होते आणि नाकपुड्या आवळलेल्या होत्या. अँजेलिनाने पाय मागे घेतला.

"तुम्हाला किळस येते."

"येते," एलिसा म्हणाली. "पाय इकडं कर."